मावशीने ऐकलेला शेवटचा अंक

"डोळे मीट, मंग दिसते," नाटक ऐकताना मावशी मला बजावायची.

इचोड्याच्या बाजारात माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर ती भाजी विकायला बसे. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील, भाव सांगताना आवाज चढवणाऱ्या आणि वर चार मिरच्या फुकट टाकणाऱ्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर जुन्या नाटकांची ऑडिओबुकं लावायचो. एकदा एक संवाद कानावर पडला आणि अंबाडी निवडणारे तिचे हात थांबले. पुढचं वाक्य तिनंच म्हटलं.

"मावशी, हे नाटक तुमी पाह्यलं?"

"पाह्यलं कुठं? ऐकलं."

तिचा नवरा गावच्या नाटकात काम करायचा. ती स्टेजमागे चुलीपाशी, नटांच्या भाकरी थापत. ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं. शेवटचा अंक तेवढा राहिला. त्या वेळी ती नटांच्या जेवणाची पानं मांडायला शाळेत जायची.

"शेवट मालकानं सांगतला," ती म्हणाली. "नवरा माफी मागते अन् पोरगी घरी येते."

मला खरा शेवट ठाऊक होता. नाटकातली पोरगी शेवटी नदीत जीव देते.

रोज थोडं थोडं ऐकत आम्ही तिथवर आलो. मी म्हटलं, "पुढचं राहू द्या, मावशी."

"काऊन? लाव."

ऐकून झालं तरी तिनं डोळे उघडले नाहीत. कुणी पालकाचा भाव विचारला, तोही मीच सांगितला.

"मेली?"

"हो."

बराच वेळ ती अंबाडीच्या काड्या मोडत राहिली. "आमची थोरली तापात गेली, त्याच साली बसवलं होतं हे. मले कसं सांगतील ते?" मग हसली. "स्टेजवर वाक्यं विसरत होते म्हणे. घरी नाई चुकले."

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिनं तोच अंक पुन्हा लावायला सांगितला.

या उन्हाळ्यात मावशी गेली. तिच्या जागेवर आता एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. मला मात्र तिचं ते दुसऱ्यांदा ऐकणं आठवतं. नदीचा प्रसंग आला आणि ती भर बाजारात मोठ्यानं रडू लागली. लोक वळून पाहू लागले, म्हणून मी आवाज कमी करायला हात पुढे केला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि अंक संपेपर्यंत सोडलं नाही.