दुसरा डोळा राहिलाय

मला सगळ्याचीच भीती वाटते. पालीची वाटते, टेलिफोनची वाटते, डॉक्टरची वाटते, आणि मोठ्याने बोलणाऱ्या माणसाची तर इतकी की समोर आला की माझा श्वासच वर राहतो, खाली येत नाय. सातवी झाली नि शाळा सुटली ती पण तशीच. गुरुजींनी उभं करून कविता म्हणायला सांगितली, मी पहिली ओळ म्हटली आणि दुसरीला दम लागला, सगळा वर्ग हसला, दुसऱ्या दिवसापासून मी वालाच्या शेतात.

रोह्याच्या अलीकडे आमचं गाव. भात नि वाल, दुसरं काय पिकत नाय. लग्न होऊन पेणला आले तेव्हा मला वाटलं होतं घरात राहायचं, भाकऱ्या करायच्या. पण सासरचं घर गणपतीवाल्यांच्या आळीत. पुढच्या पडवीत, ओट्यावर, माजघरात, जिथे बघावं तिथे गणपती. पहिल्या आठवड्यात मी पाण्याच्या हंड्याला जायची तर वाटेत शंभर जण सोंड वर करून बसलेले. त्यांना डोळे नव्हते. डोळे सगळ्यात शेवटी काढतात हे मला माहीत नव्हतं, मी आपली पदर सावरून जायची.

सासूबाई आखणी करायच्या. आखणी म्हणजे डोळे काढणं. आळीत पुरुष माती मळतात, साचा भरतात, फवाऱ्याच्या गनने रंग मारतात, पण डोळ्याला बसतात बऱ्याच घरांतून बायका. त्यांनी माझा हात हेरला तो बिरड्यावरून. मोड आलेले वाल सोलायला मला बसवलं होतं आणि माझी एकपण डाळिंबी मोडली नाय. त्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ह्या हाताला ब्रश द्यायला पाहिजे. पहिलं वर्ष मी नुसत्या फुटक्या मूर्तींवर डोळे काढले. दुसऱ्या वर्षी पोर झालं. पोरगी. तिला पडवीच्या तुळईला झोळी बांधली, पायाच्या अंगठ्याला दोरी, दोरी ओढत ओढत मी खऱ्या गणपतीला बसायला लागले.

आखणीचे दोन नियम सासूबाईंनी सांगितले. ब्रश टेकला की श्वास धरायचा, उचलला की सोडायचा. आणि एक डोळा काढून उठायचं नाय. घरात चोर शिरू दे, दूध उतू जाऊ दे, देवाला काणा ठेवून बाईने पाट सोडायचा नाय. श्वास धरायचं मला जमलं, आयुष्यभर तेच तर करत आले होते. आणि गंमत अशी की तेवढ्या वेळात मला भीती वाटायची नाय. त्या एका कामात नाय वाटायची.

त्याच वर्षी आळी हलवायची बातमी आली.

बातमी अशी की रस्ता रुंद करायचा. ट्रक आत येत नाय, मूर्ती हातावर नेताना फुटतात, नाक्यावर गाड्या अडतात, म्हणून ओटे नि पडव्या पुढून कापायच्या आणि सगळे कारखाने रामवाडीच्या पलीकडे हायवेला मोठ्या शेडमध्ये न्यायचे. शेडला पंखे, शेडला उजेड, ट्रक थेट दारात. ऐकायला वाईट नव्हतं. आमचे हे कंपनीत शिफ्टला जातात, त्यांना तर बरंच वाटलं. पण सासूबाईंनी रात्री जेवताना सरळ सांगितलं की शेड झाली तर पुरुष सायकलवर जातील, आखणीला पोरी रोजाने ठेवतील, आणि घरातल्या बायका भांडी घासतील. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, पण ते माझ्यासाठीच होतं. मांडीवर पोर घेऊन हायवेपर्यंत कोण जाऊ देणार होतं मला. झोळी सुटली की ब्रशपण सुटणार.

तर आळीने ठरवलं, लढायचं. आता आमच्या आळीने लढायचं म्हणजे काय ते सांगते.

मोर्चा काढायचा ठरला. मोर्चाला बोर्ड पाहिजे. बोर्ड रंगवायला कोण, तर अख्खी आळीच रंगाऱ्यांची, मग कोणाला नाय म्हणायचं? एका घराने अक्षरं काढली. दुसऱ्या घराला वाटलं अक्षरं कोरडी दिसतात, त्यांनी सावली दिली. तिसऱ्याने महिरप काढली. माझ्या सासऱ्यांनी ती महिरप बघून सांगितलं की ही पितळी दिसते, आणि वरून सोनेरीचा हात मारला. मग कोणीतरी वॉर्निश. असं करता करता मोर्चाचा दिवस आला आणि बोर्ड काय सुकेना, पावसाचे दिवस. शेवटी ओलाच उचलला. नगरपालिकेच्या कचेरीत पोचेपर्यंत सगळ्यांचे हात सोनेरी, शर्ट सोनेरी, एका काकांनी घाम पुसला तर कपाळ सोनेरी. तिथले साहेब सभ्य, बाहेर आले, सगळ्यांशी हात मिळवला. आणि मग तेपण सोनेरी.

सासरे घरी येऊन हे सांगताना लाजत होते. साहेबांनी काय म्हटलं असं सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, बोर्ड फार सुंदर झालाय म्हणाले. बाकीचं? बाकीचं मोजणीला येऊन बघतो म्हणाले.

मोजणीला येणार म्हटल्यावर ठराव झाला की आळीतल्या बाईने साहेबांशी बोलायचं, कारण आखणी बायका करतात. आणि आळीच्या पहिल्या ओट्यावर बसते मी, म्हणून मीच. मी तोंड उघडायच्या आत ठरलं पण. चार दिवस मला वाक्यं पाठ करायला दिली. आमची परंपरा, आमची कला, आमची उपजीविका. परंपरेपर्यंत यायची आणि दम लागायचा. सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणायच्या, थांब गो, पळून आल्यासारखी धापू नको, उपजीविका काय पळून जात नाय.

मोजणीवाले सांगितलेल्या दिवशी आलेच नाय. आदल्या दिवशी आले. कोणाच्या ध्यानीमनी नाय. पुरुष सगळे मागच्या आवारात माती मळत होते, मी एकटी ओट्यावर, दीड फुटी मूर्ती समोर, ब्रश टेकलेला, उजवा डोळा अर्ध्यावर. आणि कोपऱ्यावर फीता उलगडल्याचा आवाज. मान वर न करता मला दिसलं, साहेब, फीता धरणारे दोघे, आणि लाल रंगाचा डबा घेतलेला एक माणूस. आमच्याच ओट्याकडे.

मी श्वास धरलेलाच होता. तो तसाच राहिला. हात मात्र चालला, आणि डोळा जो झाला तो झाला. केवढा मोठा. वरची पापणी भुवईला टेकायला निघालेली, बुबुळ सगळं उघडं. देव कशाला तरी दचकला होता.

साहेबांनी नीट सांगितलं की तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर कुठवर कापायचं त्याची खूण करायची हाय, जरा उठून बाजूला व्हा. पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. परंपरा गेली, कला गेली. मी म्हटलं,

"दुसरा डोळा राहिलाय."

साहेब म्हणाले, मग काढा, आम्ही थांबतो. आणि खरंच थांबले. चपला काढून पायरीवर बसले. फीतावाले भिंतीला टेकले. आता चौघे बघायला लागल्यावर माझा ब्रश मूर्तीपर्यंत जायचा नि परत यायचा. त्यात दोरी अंगठ्यावरून निसटली आणि पोर रडायला लागलं. मी उठू शकत नाय. लाल डब्यावाल्याने इकडे तिकडे बघितलं, डबा खाली ठेवला आणि झोळी हलवायला लागला. सरावाचा हात होता, त्याच्या घरीपण असणार एखादं. गुणगुणायलापण लागला.

तेवढ्यात सासूबाई पिठाच्या हाताने बाहेर आल्या. त्यांनी एकदा मूर्तीकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, एकदा लाल डब्याकडे. त्यांनी साहेबांना नियम समजावून सांगितला, काण्या देवाला सोडून आखणीवालीने उठायचं नाय, आणि घाई केली तर डोळा बिघडतो, सून नवी हाय, वेळ लागेल. चहा टाकते म्हणाल्या. आत गेल्या आणि चहा काय टाकला नाय. मागच्या दाराने गेल्या.

साहेब बोलायला लागले. बरे होते ते. म्हणाले, तुम्ही घाबरू नका, शेड चांगली हाय, उजेड हाय, पंखे हायत, इथे तुम्ही बल्ब लावून डोळे फोडता. सगळं खरं होतं. मला त्यातलं एकपण खोटं म्हणता येईना. मी झोळीकडे बघितलं. तुळईला बांधलेली, आणि त्यांच्या मोजणीत पहिली तीच तुळई जाणार होती.

"साहेब, तिथं झोळी कुठे बांधू?"

एवढंच आलं तोंडातून, एका श्वासात तेवढंच मावलं. साहेबांनी वर बघितलं. झोळी हलवणाऱ्यानेपण वर बघितलं. फीतावाल्यांनीपण. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं म्हणून माझा हात एकदम स्थिर झाला, मी ब्रश टेकला, श्वास धरला आणि डावा डोळा काढला. उजव्याला जुळणारा. तेवढाच मोठा, तेवढाच दचकलेला.

मी उठले. त्यांनी खूण केली. मग पुढच्या घरी गेले.

पुढच्या घरच्या काकी ओट्यावर बसलेल्या, समोर गणपती, एक डोळा काढलेला. साहेब थांबले. काकींचा दुसरा डोळा काही केल्या होईना, त्यांना म्हणे झापडच आली. साहेब त्याच्या पुढच्या घरी गेले. तिथे दोन जावा, दोन गणपती, दोघांना एकेक डोळा. समोरच्या घरी तर ब्रश न धरणारी म्हातारी पाटावर बसलेली, सासूबाईंनी तिच्या हातात ब्रश कोंबलेला, आणि तिने तो उलटा धरलेला. आळीच्या टोकापर्यंत सगळे देव एका डोळ्याने साहेबांकडे बघत होते.

साहेबांनी म्हातारीला विचारलं, आजी, दुसरा कधी?

"मुहूर्त बघून," म्हातारी म्हणाली. "घाईचं काम नाय ते."

मग साहेब हसले. आधी दाबून, मग नाय दाबता आलं. फीतावाल्यांनी फीता गुंडाळला. त्या दिवशी अख्ख्या आळीत एकच लाल खूण झाली, आमच्या भिंतीवर, आणि तीसुद्धा नंतर सासऱ्यांनी बघवेना म्हणून जास्वंद करून टाकली. पाकळ्या वाढवल्या, देठ दिला. अजून हाय.

असं नाय की दुसऱ्या दिवशी सगळं मिटलं. बैठका झाल्या, चहा झाले, भांडणं झाली, आळीतली दोन घरं तर शेड पाहिजेच म्हणत होती. शेवटी ठरलं ते असं की प्लास्टरचे मोठे साचे नि ट्रक शेडकडे, आणि माती, रंग, आखणी आळीत. ओटे राहिले. तुळई राहिली. नाक्यापर्यंत मूर्ती हातगाडीने न्यायच्या, भाताच्या पेंढ्यावर बसवून.

ती दचकलेली मूर्ती सासरे पुसायला निघाले होते, असला गणपती कोण नेणार म्हणून. ती साहेबांनीच नेली. त्यांच्या आईला गणपती फार आवडला असा निरोप आला. म्हणे, बाकीचे गणपती आपले शांत बसून असतात, हा मात्र सांगावं ते लक्ष देऊन ऐकतो. आणि यंदा परत निरोप, डोळे तसेच पाहिजेत.

आता ते कुठून आणू? ब्रश हातात असला की मला भीती वाटत नाय, हे मी सांगितलंच. तीन मूर्ती घेतल्या, तिन्ही शांत. सासूबाई मदतीला आल्या. मी ब्रश हातात घेतला की मागून ओरडायच्या, साहेब आले गो. पहिल्यांदा दचकले, पण ब्रश टेकला नव्हता. नंतर मला हसायलाच यायचं. सासऱ्यांनी रबराची पाल आणून ठेवली. पाल बघून मी पाटासकट मागे पडले, त्याने काय डोळा होत नाय.

मग परवाची गोष्ट. पोर आता चालते. झोळीत मावत नाय, ओट्यावर बसवते, बाजूला डबे. मी उजव्या डोळ्याला ब्रश टेकला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, ती पायरी उतरली. एकटी. पहिल्यांदा. आळीत हातगाड्यांची ये-जा. माझा श्वास वर अडकला तो अडकलाच, हात आपोआप गेला, आणि डोळा झाला. मोठा. उघडा. तसाच.

आणि आता एकच डोळा झाला होता.

हातगाडीची चाकं वाजत होती. उठायचं नाय. मी मनात म्हटलं, काकी असतील ओट्यावर. म्हातारी असेल. कोणीतरी असेलच, ह्या आळीत कोणी नाय असं कधी झालंय. ब्रश टेकला. डावा काढला, उजव्याशी जुळवून, पापणी नीट पूर्ण केली. मग ब्रश टाकून धावले.

पोर समोरच्या ओट्यावर म्हातारीच्या मांडीवर बसली होती. म्हातारीने तिच्या पुढ्यात सोनेरीचा डबा ठेवला होता, आणि तिने दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले होते. मला बघून म्हातारी म्हणाली, ये गो, झाले दोन्ही डोळे? मी धापत होते, व्हय म्हणायलापण श्वास नव्हता. नुसती मान हलवली. पोरीने ते सोनेरी हात माझ्या तोंडाला लावले.