तळाला लागलेली लापशी

टंचाईच्या साली बोईसरच्या शाळेत आम्ही पोरक्या मुलांना सरकारी लापशी वाटायचो. रांधायला जवळच्याच नवापूरची एक बाई यायची. बोलताना माझ्याकडे नाही, चुलीकडे बघायची. तिची लापशी रोज तळाला लागायची.

"अगं बाई, ढवळत जा जरा!" मी रोज करवादायचो.

"हां गुरुजी," म्हणायची आणि आणखी एक लाकूड आत सारायची. वाटप संपलं की तळाला लागलेली खरवड फडक्यात बांधून घरी न्यायची. तिला तेवढीच न्यायची मुभा होती.

एकदा विचारलं, "तुझी पोरं का नाही येत जेवायला?"

"त्यांचा बाप जिता हाय ना, गुरुजी. आथरुनात पडलेला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा करपल्याचा वास आला. पोरक्यांच्या वाट्यातलंच कमी होणार, हे कळत होतं. तरी जाता जाता एक लाकूड मीच आत सारलं.