मागची सीट बघितली का?

माझी बायको बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. गल्लीतली पोरं, त्यांचे आईबाप, आमच्या दुकानात चष्म्याला येणारी गिऱ्हाइकं, सगळे तिला बसकाकू म्हणतात. मी त्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. गाडीतलं मला हॉर्नपलीकडे काही कळत नाही, आणि हे ती चारचौघांत आवर्जून सांगते. सांगू दे बापडी. तिला अजून सुईत दोरा ओवता येत नाही, पण मी कधी कुणाकडे बोललो नाही.

आमची लेक फिजिओथेरपिस्ट झाली आणि लगेच नोकरीही मिळाली. शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे आखडलेले गुडघे-खांदे हलते करायचे, दिवसाला पाच घरं. अट एकच होती, स्वतःची गाडी हवी. तीन आठवड्यांनी सोमवारी गाडी घेऊन हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणार. नवी गाडी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी बघायचं ठरलं. आणि उत्साहाच्या भरात लेक बोलून बसली, "आई, तू हो म्हणशील तीच गाडी घेईन." मी मागून हातवारे करून गप्प बस म्हणत होतो, पण बाण सुटला होता.

पहिली गाडी बाजारातली, लालचुटुक. विकणारा म्हणाला, "डॉक्टरीणबाईंची आहे हो. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बाकी कुठे नेलीच नाही."

बसकाकूंनी वाकून ब्रेकच्या पायपट्टीवर अंगठा फिरवला. "रबर घासून गुळगुळीत झालंय. घर ते दवाखाना एवढे ब्रेक मारत होत्या का बाई? किलोमीटरचा काटा मागे फिरवलायत तुम्ही." त्या माणसाचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर तिने नुसता तळहात ठेवला आणि माघारी फिरली. मालक म्हणतो, अहो, चालवून तरी बघा! ही म्हणते, "आम्ही यायच्या आधी तापवून ठेवलीय. थंड असताना सुरू होत नसणार." तिसऱ्या गाडीत अत्तराचा घमघमाट होता. मला फार आवडला. हिने पायाखालची चटई उचलून खालचा गालिचा दाबला, तर बोटं ओली झाली. गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात बुडालेली होती. खोटं कशाला बोलू, मला बायकोचा अभिमान वाटला. घरी येताना मी तिला रसवंतीवर उसाचा रस पाजला.

पण चौथ्या गाडीपासून चक्रं उलटी फिरायला लागली. चौथीच्या मागच्या खिडक्या लहान. पाचवीचा रंग करडा, धुक्यात दिसणार नाही. सहाव्या गाडीला काय दोष होता म्हणाल? "मालक फार गोड बोलतो." आता गोड बोलणं हा काय इंजिनातला बिघाड आहे? माझं डोकंच फिरलं. चालवून बघायला लेक बसायची. गाडीत बसल्यावर आई शेजारच्या सीटवर, आणि तिचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा. लेकीने गाडी कितीही अलगद चालवली तरी परत येईपर्यंत त्या पायात गोळे आलेले असायचे.

सातवी गाडी वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंची होती, निळी. बाई निवृत्त होऊन भावाकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांनी गाडीची वही ठेवली होती. कधी ऑइल बदललं, कधी टायर, सगळं तारीखवार, टपोऱ्या अक्षरात. बसकाकूंनी त्यांच्या डेपोतल्या जुन्या मेकॅनिकला बोलावलं. हा माणूस इतका तिरसट की स्वतःच्या लग्नातही हसला नसेल. तासभर गाडीखाली पडून तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "घ्या डोळे मिटून."

"विचार करून सांगते," बसकाकू म्हणाल्या.

तो शनिवार होता. परवा सोमवार!

घरी आल्याआल्या माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "आता काय खोट राहिली? वहीतलं अक्षर आवडलं नाही का? पोरीच्या हातातली नोकरी घालवणार आहेस तू!"

"तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत, तुझं कळतं!"

लेक मधे पडली. आईसमोर स्टूल ओढून बसली आणि शांतपणे म्हणाली, "आई, गाडीत खोट नाहीये. मग काय आहे? मला सांग ना."

बायको टेबलावरच्या फडक्याची उगाच घडी घालत राहिली. मला ठाऊक होतं ती काय सांगणार ते, आणि माझा राग तिथल्या तिथे बसला.

लेक पाच वर्षांची असतानाची गोष्ट. दुपारी ती आईच्याच बसमधून घरी यायची, शेवटच्या सीटवर बसून. बायकोकडे मुलांची यादी असायची. एकेक मूल उतरलं की नावापुढे खूण. अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस खुणा. कधी चूक झाली नाही. एके दिवशी अठ्ठाविसावी खूण झाली, हिने बस डेपोत लावली, कुलूप घातलं आणि चालत घरी आली. चपला काढताना तिच्या लक्षात आलं, आपली पोर त्या यादीत नव्हतीच. यादी दुसऱ्यांच्या मुलांची होती. ती अनवाणी धावत सुटली. मी घरीच होतो, मीही मागे धावलो, पण मला ती डेपोच्या दारापर्यंत गाठता आली नाही.

त्या दिवसापासून नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत बस थांबली की ती उठून शेवटच्या सीटपर्यंत जायची, वाकून बघायची आणि मगच उतरायची. आताही कुणाच्या गाडीतून उतरताना तिचं पहिलं वाक्य असतं, "मागची सीट बघितली का?"

"पाऊण तास," बायको फडक्याकडे बघत म्हणाली. "पाऊण तास तू त्या बंद पत्र्यात होतीस. माझ्या हातून. तुला गाडीत एकटी पाठवायचं म्हटलं की तेच कुलूप दिसतं मला. गाडी चांगली आहे गं. सगळ्या वाईट असत्या तर बरं झालं असतं."

आणि ती रडायला लागली. बावीस वर्षं दांडगट पोरांना नुसत्या नजरेने गप्प बसवणारी ही बाई!

लेक म्हणाली, "आई, मी रडले होते का त्या दिवशी?"

"नाही. झोपली होतीस."

"मला पक्कं आठवतंय. जागी झाले तेव्हा समोर तू होतीस, आणि चपला न घालता का आलीस हे मला कळत नव्हतं. अगं, मी झोपायचे कारण तू चालवत असायचीस. शाळेतल्या बाईंच्या गाडीत मला कधी झोप आली नाही."

बायकोने नाक पुसलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी पुन्हा बघू. तुझ्या सगळ्यात लांबच्या पेशंटच्या घरापर्यंत जाऊ. मी मागे बसते. मागच्या चाकांचा आवाज ऐकायचाय."

रविवारी सकाळी निघालो. ग्रंथपालबाई दारात उभ्या राहून हात हलवत होत्या. पुढे लेक आणि मी, मागे परीक्षक. मी मुद्दामच मागे वळून बघितलं नाही. म्हटलं, नजरानजर झाली तर मलाच दोन शब्द ऐकावे लागतील. शहर संपलं, मळे लागले, खड्ड्यांचा एक तुकडा लागला. लेकीने गिअर उतरवला आणि गाडी खड्ड्यांतून हळूच काढली. मागून चकार शब्द नाही. लांबच्या घरापाशी वळलो, परत निघालो, तरी मागे शांतता. लेकीच्या कपाळावर घाम होता. ती हळूच कुजबुजली, "बाबा, हे काही खरं नाही. नाही म्हणणार ती." मी तिच्या खांद्यावर थोपटलं.

ग्रंथपालबाईंच्या दारात गाडी लावली. लेकीने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, उतरली आणि आईने लावलेल्या सवयीनं मागचं दार उघडलं. मग जागच्या जागी उभी राहिली.

"बाबा, इकडे या."

बसकाकू गाढ झोपल्या होत्या. मान एका बाजूला, तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. जो उजवा पाय आधीच्या गाड्यांत ब्रेक दाबून दाबून दुखला होता, तो सीटखाली सैल पडला होता. तीस वर्षांच्या संसारात ही बाई दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. एस्टीत नाही, टॅक्सीत नाही, स्वतःच्या लग्नाच्या गाडीतही नाही.

लेकीने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काकू, उठा. मागची सीट बघितली मी. तुम्ही राहिला होतात."

बायको दचकून उठली, चष्मा सारखा केला. "झोपले नव्हते मी. डोळे मिटून आवाज ऐकत होते."

"घोरण्याचा?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लेकीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, आणि लेकीचेही. मग ती खाली उतरली, साडी झटकली आणि दारातल्या ग्रंथपालबाईंना मोठ्याने म्हणाली, "बाई, चावी हिच्याकडेच राहू दे. घेतली आम्ही गाडी."