कारल्याचे काप

लेकीने ठाण्यात खोपटच्या ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर नळीत थुंकून ती डीएनए टेस्ट करून घेतली, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. चार वर्षांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. ती माझ्या पोटची नाही हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. ते आणखी कुणी लिहून कशाला द्यायला हवं? खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. त्या रिपोर्टातून तिला तिची माणसं सापडली, तर मी तिची कोण उरणार होते?

माझ्या सासरी कारलं म्हणजे घराण्याची खूण. नव्या सुनेला पहिल्या जेवणात कारल्याचे काप वाढायचे. तोंड वाकडं न करता खाल्ले की ती आपली. मी साफ नापास झाले होते. लेक डोंबिवलीच्या घरात आली त्या दिवशी सासूबाईंनी गंमत म्हणून तिच्याही ताटात एक काप ठेवला. पोरीने तो गुमान संपवला. ही आपल्याच घरातली, असं सासूबाईंनी जाहीर केलं. पुढे ती नेहमीच काप खात आली आणि आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने सांगत आलो.

रिपोर्ट तिच्या फोनवर आला तो रविवारी. मी ओट्याशी कारलीच चिरत होते. ती शेजारी उभी राहून वाचून दाखवू लागली. केस कुरळे असण्याची शक्यता, दूध न पचण्याची शक्यता. सगळ्या नुसत्या शक्यताच. हट्टीपणाचं काही लिहिलंय का, असं मी मुद्दाम विचारलं. ते नव्हतं. तिला काही कडू चवी इतरांपेक्षा जास्त जाणवत असाव्यात, असं मात्र होतं.

चला, म्हणजे रिपोर्ट खोटा, असं मी खूश होऊन म्हणाले.

"नाही गं आई. मला कडूच लागतं. पहिल्या दिवसापासून."

मग खायचीस कशाला, मी विचारलं.

"मला वाटायचं, नाही खाल्लं तर परत पाठवाल."

मी हातातली सुरी ठेवून दिली. आम्ही ज्याचं कौतुक करत होतो, ती त्या एवढ्याशा जिवाची भीती होती. मी तिला घट्ट जवळ घेतलं, आणि इतकी वर्षं बोलली नाहीस म्हणून रडता रडता रागावलेही.

"अगं, आता नाही वाटत तसं," माझे डोळे पुसत ती म्हणाली. "म्हणून तर सांगितलं."

त्या दुपारी मी आम्हा दोघी नापासांसाठी बटाट्याचे काप तळले.