बोरीचं केंद्र बंद करायला जाताना

पुण्याहून निघाले तेव्हाच मन उदास होतं. आमची कंपनी मराठवाड्यात कापूस खरेदी करते आणि तिच्या सगळ्या केंद्रांना जोडणारी संगणक प्रणाली मी बसवली आहे. कुठे कधी किती गाड्या आल्या हे साहेबांना पुण्यात बसून दिसतं. ट्रक कुठे पाठवायचे, माणसं कुठे ठेवायची, सारं त्यावरून ठरतं. त्याच माहितीवरून मी अहवाल दिला होता, की बोरीचं केंद्र दिवसभर रिकामं असतं, संध्याकाळी अर्धा तास काय ती हालचाल. केंद्र बंद करायचं ठरलं. निरोप सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

परभणीला उतरले तर जिंतूरची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली. मग जीप. चौघांच्या बाकावर सहा जणी, आणि माझी बॅग एका आजींच्या मांडीवर. बाहेर काळी रानं आणि बोंडं वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. ऊन होतं तरी सगळं मळकट दिसत होतं.

"कुठं उतरायलीस, बाई?" आजींनी विचारलं.

"बोरीला. कापसाच्या केंद्रावर."

"मंग गाड्यायची रांग दिसली की उतर."

रांग? मला वाटलं, आजींचा काहीतरी घोळ होतोय.

केंद्रावर अकरा वाजता नऊ गाड्या उभ्या होत्या. कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर भगवानराव एका टेम्पोतल्या कापसात खांद्यापर्यंत हात घालून तळाचा कापूस ओढून काढत होते. दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ताणून बघितला, चिठ्ठी लिहिली आणि भिंतीवरच्या तारेला खोवली. संगणकावर टॉवेल झाकलेला होता.

"यात नोंदी कधी भरता?" मी विचारलं.

"सांजच्याला, समद्या एकदम. वरचा कापूस बगून लिवायचं न्हाई, ही इथली रीत हाय. गाडी तळापस्तोर रिकामी झाली की मगच नोंद. दिवसा येळ कुठं गावतो, मॅडम?"

म्हणजे माझ्या अहवालातला तो संध्याकाळचा अर्धा तास गाड्यांचा नव्हता, नोंदी भरण्याचा होता. शेडमागे जाऊन साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, ट्रक जिंतूरला लावून झालेत, मंजुरीही झाली आहे. आणि एकदा पडलेली नोंदीची वेळ मागाहून कुणालाच बदलता येणार नाही, ही सोय मीच मोठ्या अभिमानानं करून दिली होती ना? पाण्यात म्हैस, बाहेर मोल. मोल करणारी मीच.

दुपारी भगवानरावांनी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. सोबत तुरीचं घट्ट वरण आणि ठेचा. मी आधी जेवले आणि मग केंद्र बंद होतंय हे सांगितलं. या क्रमाची मला अजून लाज वाटते.

ते बराच वेळ हात धूत राहिले.

"बावीस वरसं झाली इथं. आता या वयात मला कोन ठेवून घेतंय? अन् या लोकायनं जिंतूरला जायाचं?" मग हळूच म्हणाले, "उद्यापासनं नाही, आत्तापासनंच एकेक भरतो. मंग ऱ्हाईल का केंद्र?"

"नाही, काका."

"तुमी एकडाव फोन करून इचारायचं व्हतं, ताई."

पुढची जीप मिळाली तशी मी निघाले.

परभणीला परतीच्या रेल्वेत बसल्यावर विचार करत राहिले. प्रणालीनं कंपनीचं भलंच केलंय, खोटंही काही दाखवलं नाही. विचारण्याचं काम माझं होतं, आणि बोरीचा नंबर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता. पुण्याच्या वाटेवर न लागणारी पूर्णा नदी मागे पडली तेव्हा कळलं, की मी उलट्या दिशेच्या गाडीत बसले आहे. नांदेडला उतरले. पुण्याच्या गाडीला अजून तीन तास होते.

फलाटावर लॅपटॉप उघडला. बोरी: तीन वाजून पाच मिनिटं, एक गाडी. तीन पंचवीस, एक गाडी. तीन पन्नास. चार दहा. सहा वाजेपर्यंत एकेक नोंद, वेळच्या वेळी भरलेली.