चाक कोणतं आधी टेकलं

गेल्या रविवारी पोरांना एअरपोर्ट दाखवायला नेलं... हसू नका, सांगतो.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. रेल्वे बघायची तर वडसा गाठावं लागतं आणि विमान बघायचं तर थेट नागपूर. तेव्हा आमचा एअरपोर्ट म्हणजे शाळेमागच्या मैदानातला सिमेंटचा हेलिपॅड. एरवी त्यावर शेळ्या बसतात.

कोणी मोठे साहेब हेलिकॉप्टरने येणार, असं दुकानात कळलं आणि घरी सांगायची चूक मी केली. धाकटा सम्यक दुसरीत आहे. माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या रद्दीचं तो एकच करतो, विमानं. त्याला हेलिकॉप्टर उतरताना बघायचं होतं... पुढचं चाक आधी टेकतं की मागची. मोठी मैत्री म्हणायची, तिन्ही एकदम टेकतात. यावरून दोघांनी माझं डोकं खाल्लं होतं.

उन्हं चढायच्या आत पोहोचलो आणि हेलिपॅडभोवती बांधलेल्या दोरीला लागून जागा धरली. शेजारी एक म्हातारी बाई ताडपत्रीवर मोहफुलं वाळत घालून राखण करत बसली होती. पहाटे पहाटे जंगलात जाऊन वेचलेली फुलं ती... सगळ्या हंगामाची मेहनत तिथे पसरली होती.

सम्यक भेटेल त्याला आपला प्रश्न विचारतो. तिलाही विचारला.

"मले का मालूम बाबू," ती हसली. "मी त उडतानीच पायलो हाये, लांबून."

तेवढ्यात एक हवालदार धावत आला. "बाई, हे उचला लवकर. हवेनं सारं उडून जाईन."

"आता कुठी नेऊ जी? आधा मोहा ओला हाये अजून..."

आणि आवाज आलाच. सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी. लोकांनी मोबाइल वर केले, आणि ती बाई दोन्ही हातांनी फुलं ओढून ढीग करायला लागली.

खरं सांगतो, मी सम्यकचा हात घट्ट धरून ठेवला होता. पोरगं रात्रभर झोपलं नव्हतं, त्याचं बघायचं राहायला नको, एवढंच मनात. हात त्याने स्वतःच सोडवला आणि जाऊन ताडपत्रीच्या कोपऱ्यावर पालथा पडला. मागोमाग मैत्री. मग मी काय बघत उभा राहणार...

आम्ही कडा दुमडून त्यावर आडवे झालो आणि ती बाई मधल्या ढिगावर बसली, पदर नाकातोंडावर धरून. वारा असा आला की बोलायची सोय राहिली नाही. "बाई, डोळे मिटा," मी ओरडलो. तिने ऐकलं नसावं.

वारा थांबल्यावर मान वर केली तर हेलिकॉप्टर आपलं शांत उभं. तिन्ही चाकं जमिनीवर.

"टेकलं पण?" सम्यक म्हणाला. रडला नाही, पण खालचा ओठ बाहेर आला होता. मूठ-दोन मूठ सोडली तर मोहा सगळा वाचला होता, ते बरंच झालं... पण पोराच्या तोंडाकडे मला बघवेना. परत उडताना बघू, असं म्हणालो. त्याचा उपयोग नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

इतक्यात त्या बाईने त्याला हाक मारली.

"इकडे ये बाबू. मागचे चाकं पयले टेकले. दोनी संगंच. सामोरचं मंग, हळूच." आणि तिने दोन्ही हातांचे तळवे जमिनीवर टेकवून ते कसं, ते करून दाखवलं.

"तुमी पायलं?" सम्यकने विचारलं.

"पायलो ना. तू त खाली तोंड करून पडला होता माह्या मोहावर. कोनी त पायाले पायजे का नाई?"

डोळे लालभडक झाले होते तिचे, पाणी वाहत होतं, आणि ती पदराने पुसत होती. म्हणजे माझं ओरडणं ऐकूनही तिने डोळे मिटले नव्हते.

मैत्रीने बाटलीतल्या पाण्याने तिचे डोळे धुऊन दिले. चाकांचं भांडण त्या दिवसापासून आमच्या घरात मिटलंय. कोणी विचारलंच तर सम्यक ठासून सांगतो, मागची आधी टेकतात, आम्ही पाहिलंय.

आम्ही म्हणतो तो... आणि मी त्याला दुरुस्त करत नाही.