नाव न छापणारे अण्णा

आमच्या पेपरच्या हुबळी आवृत्तीचे प्रमुख अण्णा नशेच्या कुठल्याही वस्तूचं नाव छापत नसत. पोलिसांनी पकडलेला गांजा असो, गोळ्या असोत, नाहीतर कसली पावडर, अण्णांच्या लाल पेनाखालून बातमी गेली की त्या सगळ्याचे 'अमली पदार्थ' होत. इतर पेपर एका पुडीलाही 'ड्रग्ज' म्हणू लागले तेव्हा ते वैतागले. "एवढीशी पुडी, आणि अनेकवचन? आपला पदार्थ बघ. एक असला तरी पदार्थ, पोतंभर असले तरी पदार्थ." ऐकणाऱ्याला वाटावं, दिवाळीच्या फराळाबद्दल बोलताहेत.

त्यांना खरोखर भीती वाटायची. "नाव छापलास की दुकान दाखवलास बघ, तम्मा," असं मला म्हणत; तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पोरं पेपर वाचतात यावर त्यांचा अजून विश्वास होता. आमचा कधीच उडाला होता. एकदा जुन्या हुबळीत दुखण्यावरच्या गोळ्यांचा मोठा साठा सापडला. कॉलेजची पोरं त्या नशेसाठी घेत होती. मी गोळीचं नाव, पट्टीचा रंग, सगळं लिहिलं. अण्णांनी सगळं खोडलं.

"अण्णा, काय सापडलं ते वाचणाऱ्याला कळायला नको?"

"कळून काय करतो की? आणायला जातो?"

बातमीसोबत नेहमीचं जुनं चित्र लागलं: सुई आणि पांढऱ्या पावडरीचा ढीग. गोळ्यांच्या बातमीला सुई! आम्ही सगळे हसलो, आणि पुढच्या पानाला लागलो.

अण्णांनी लग्न केलं नव्हतं. मळमड्डी भागातल्या घरात त्यांच्यासोबत त्यांची विधवा धाकटी बहीण राहायची. तिला आम्ही अक्का म्हणायचो. तिचा मुलगा मधू इंजिनिअरिंगला होता आणि अण्णांचा जीव त्या पोरावर होता. अक्का पेपरातली अशी प्रत्येक बातमी वाचायच्या आणि मधूची बॅग तपासायच्या. अण्णा कौतुकानं सांगत, "पोलीस काय तपासतील असं तपासते. सुई नाही, पावडर नाही. आमचा मधू नीट आहे."

मला तो नीट दिसला नाही. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. जेवणं उरकल्यावर मधू झोपेतून उठून आला. डोळे जड, गाल बसलेले. गाडीवरून पडल्यापासून पाठ दुखते म्हणाला. अक्कांनी फळीवरची गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आणखी एक दे की, आई."

त्यांनी दिली. अण्णा माझ्याशी निवडणुकीबद्दल बोलत होते; पट्टीवरचं नाव आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मधू सकाळी उठलाच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळीचं नाव सांगितलं. माझ्या बातमीतून खोडलेलं तेच नाव. अक्कांनी भावाकडे पाहिलं.

"अण्णा, हे नाव तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला का सांगितला नाहीस? मी पावडर शोधत बसले. माझ्या हातानं पाणी दिले त्याला."

 मला अण्णांकडे बघवेना.

दिवसकार्य झाल्यावर ते ऑफिसला आले आणि स्वतः बातमी लिहिली. गोळीचं नाव, पट्टीचा रंग, पोरांची झोप कशी बदलते, सगळं. घरात अशा गोळ्या दिसल्या तर आधी मुलाशी बोला, असंही लिहिलं. चित्र लावू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका आईचा फोन आला. मुलाच्या बॅगेत तीच पट्टी सापडली होती. ती रडत होती आणि आभारही मानत होती. अण्णा तिच्याशी बराच वेळ बोलले, डॉक्टरांचा पत्ता दिला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा सैल झाला. पुढचा फोनही त्यांनीच उचलला. आवाज कोवळा होता, मला शेजारी ऐकू येत होता.

"सर, आज पेपरात आलीय ती गोळी कुठल्या मेडिकलात मिळते?"

अण्णांनी हळूच फोन ठेवला. जेवणाचा डबा उचलला आणि जिना उतरून गेले. ते पुन्हा ऑफिसला आले नाहीत.

त्यांच्या खुर्चीत आता मी बसतो. मी नावं छापतो. अक्कांचा तो प्रश्न ऐकल्यावर दुसरं काही मला जमणार नाही. पण अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी फोन वाजतो, आणि तो उचलायला मला भीती वाटते.